भिंतीतली खाच

गेल्या पावसाळ्यात लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मी स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडल्या. एकीत अमरावतीजवळच्या एका गिट्टी खदानीतली मूठभर चुरी, दुसरीत दर्यापूरकडच्या शेतातलं काळ्या मातीचं ढेकूळ. दोन्हींत पाणी ओतलं, झाकणं लावली, खळखळून हलवलं आणि ठेवून दिलं. चुरीच्या बरणीत मिनिटाभरातच तळाशी राखाडी थर बसला आणि संध्याकाळपर्यंत वरच्या पाण्यात नुसती धुरकट झाक उरली. काळ्या मातीची बरणी चौथ्या दिवशीही चहासारखीच. सहाव्या दिवशी घरातून विचारणा झाली, "हे फेकायचं का आता?" मी म्हटलं, थांबा, याच्यावर एका खदानीचा परवाना अडलाय.

थोडी अतिशयोक्ती होती, पण थोडीच. दगडाची खदान असो की कोळशाची खाण, तिच्या अंगावर पडलेलं पावसाचं पाणी गाळ घेऊनच बाहेर निघतं. ते तसंच नाल्यात सोडता येत नाही. आधी त्याला एका तळ्यात थांबवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी पुढे जाऊ द्यायचं. खाणवाले या तळ्याला सेटलिंग पाँड म्हणतात. आपण गाळतळं म्हणू. या तळ्याच्या पाळीत मुद्दाम एक खाच ठेवलेली असते, तिथून जास्तीचं पाणी बाहेर पडतं. हा सांडवा. धरणाचा सांडवा आपल्याला दर श्रावणात वर्तमानपत्रातून भेटतो, क्युसेकच्या आकड्यांसह. खदानीचा सांडवा असतो दोन-तीन मीटर रुंदीचा, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण त्याचा नकाशा तपासायला बसलं की दिवस कसा जातो कळत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त अभियंते आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांच्यासोबत असाच एक नकाशा मी प्रथम नीट पाहिला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पाणी कुठून येते ते राहू दे. पाणी कुठून जाईन, ते सांग मले."

आधी हे पाणी कोणत्या मुलखातलं, ते सांगायला हवं. वऱ्हाडची जमीन म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट आणि त्याचीच झिजून झालेली काळी माती. दगड मुबलक, म्हणून खदानीही मुबलक. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्या विक्रमाची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली; अशा रस्त्यांखाली जाणारी गिट्टी कुठल्या तरी टेकडीचं पोट कापून येते, याचं छायाचित्र कोणी काढत नाही. कोळसा हवा असेल तर वऱ्हाडच्या पूर्व टोकाला, वणीला जावं लागतं. यवतमाळ जिल्ह्याचं जुनं नाव वणी जिल्हा, इंग्रजी दप्तरात 'वून'. तिथे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी आहेत आणि मातीच्या ढिगाऱ्यांच्या टेकड्याच टेकड्या. तिथला गाळ वर्धा नदीतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात पोचतो. अकोल्याच्या खदानीचा गाळ मोर्णेतून, नाहीतर अमरावतीचा पेढीतून, पूर्णेला आणि तिथून तापीला लागतो. म्हणजे तो जातो अरबी समुद्रात. एकाच वऱ्हाडचा चिखल दोन समुद्रांच्या वाटेला लागतो!

आता बरणीकडे वळू. १८५१ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या गणितज्ञाने पाण्यात पडणाऱ्या बारीक गोलाच्या वेगाचं सूत्र मांडलं. त्यातली मेख अशी की हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. कण दहापट बारीक झाला की त्याचं पडणं शंभरपट मंदावतं. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर पाणी साधारण दोन मिनिटांत उतरतो. एक शतांश मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच प्रवासाला तीन तास लागतात. आणि एक सहस्रांश मिलिमीटरचा चिकणमातीचा कण? जवळजवळ १३ दिवस. तेही पाणी निश्चल असेल तर, आणि आषाढातलं तळं कधी निश्चल नसतं. माझी बरणी हट्टी नव्हती, ती नुसती हिशेबाने वागत होती.

नियम मात्र १३ दिवस थांबत नाहीत. कोळसा खाणींतून सोडायच्या पाण्यात तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा आहे लिटरमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा पन्नासावा भाग. लहान दगडखदानी पूर्वी पर्यावरण मंजुरीच्या जाळ्यातून सुटायच्या. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांखालच्या खाणपट्ट्यांनाही मंजुरी घ्यायला लावली. मंजुरीपत्रातल्या नेहमीच्या अटींत पाण्याची एक अट असते आणि ती वाचण्यासारखी आहे. खदानीभोवती हारासारखी चर खणा. चरीच्या कोपऱ्यांवर गाळखड्डे करा आणि ते वेळोवेळी उपसा. चर आणि साठवणखड्डा यांचं आकारमान ५० वर्षांच्या नोंदींतल्या अचानक कोसळलेल्या पावसावर बेता आणि वर आणखी ५० टक्के मोकळीक ठेवा. शिवाय गाळ बसायला पुरेसा वेळ मिळेल असं पाहा. सरकारी भाषेतली ही चार वाक्यं. मला त्यांत एक जुनं भांडण ऐकू येतं. गाळ म्हणतो, पाणी थांबवा. पाळ म्हणते, पाणी जाऊ द्या. त्या दोघांचा तंटा सांडव्यापाशी मिटवायचा असतो.

समजा, चार हेक्टरांची खदान आहे. तासाला ६० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळतोय. वऱ्हाडात असा पाऊस फार वेळ टिकत नाही, पण येतो. त्यातलं ७० टक्के पाणी वाहून निघतं असं धरलं तर तळ्याकडे सेकंदाला साधारण ४६७ लिटर येतात. वर्तमानपत्रातल्या भाषेत साडेसोळा क्युसेक. चार हेक्टरांच्या एका फुटकळ खदानीतून! 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं सगळ्यात मोठं तळं आपल्या ओळखीचं आहे: ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. उतरत्या बाजू धरून त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला तर याच खदानीतून २८ लाख लिटर निघतील. म्हणजे शेततळ्याएवढं गाळतळं भरून वाहणार, हे कागदावरच ठरलं.

इथे कोणीही म्हणेल, मग तळं खोल करा, तीनाचं सहा मीटर. मलाही तेच सुचलं होतं. काका हसले. १९०४ साली ॲलन हेझन नावाच्या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिलं की वाहत्या तळ्यात कोणता कण खाली बसेल हे तळ्याच्या खोलीवर ठरत नाही, पृष्ठभागावर ठरतं. पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. पण जरा विचार करा. तळं दुप्पट खोल केलं तर पाणी त्यात दुप्पट वेळ राहतं हे खरं; पण कणालाही तळ गाठायला दुप्पट अंतर उतरावं लागतं. फायदा आणि तोटा तंतोतंत फिटतात. उरतं ते एवढंच: आत येणारा प्रवाह भागिले पाण्याचं उघडं क्षेत्रफळ. आपल्या उदाहरणात ४६७ लिटर भागिले ९०० चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मिलिमीटर. जो कण याहून हळू पडतो तो खाली बसेलच याची खात्री नाही; त्यातले बरेच सांडव्यावरून निघून जातात. स्टोक्सचं सूत्र उलटं फिरवलं की कळतं, ही सीमा ०.०२४ मिलिमीटरवर येते. त्याहून बारीक जे जे काही आहे ते या तळ्यात पुरतं अडेल, याची हमी कोणी देत नाही.

मग ०.०१ मिलिमीटरचा कण अडवायचा तर? अर्ध्या हेक्टरहून थोडं मोठं तळं. आणि काळ्या मातीतला ०.००१ मिलिमीटरचा? ५२ हेक्टरांचं. चार हेक्टरांच्या खदानीला ५२ हेक्टरांचं तळं! हा आकडा मी तीनदा करून पाहिला.

खोली मग निरुपयोगी का? तसं नाही. खाली बसलेल्या गाळाला घर लागतं. तळं गाळाने अर्धं भरलं की वरून येणारं पाणी बसलेला गाळ पुन्हा उठवतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून चांगल्या नकाशात तळ्याच्या मध्यभागी एक खुणेचा खांब रोवलेला असतो. गाळ इथवर आला की उपसा, अशी रेघ त्यावर असते. काही नकाशांत खांब असतो, उपसलेला गाळ कुठे टाकणार ते नसतं, आणि तो गाळ पाळीच्याच वरच्या अंगाला टाकला जाऊन पुढच्या पावसात परत तळ्यात येतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट शेजारी-शेजारी. पाणी आळशी असतं. समोरच्या कोपऱ्यातून आत येतं आणि बाजूच्या कोपऱ्यातून निघून जातं, उरलेलं तळं नुसतं बघत बसतं. क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर कागदावर, कामाला येतं त्यातलं थोडंसंच. म्हणून तळं लांबट हवं, आणि दोन्ही तोंडं दोन टोकांना.

आता सांडवा. पाळीत ठेवलेल्या रुंद खाचेवरून किती पाणी जाईल याचं साधं सूत्र आहे: रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात गुणिले १.७. दीड घात हा प्रकार मला फार आवडतो. उंची दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होतो. पूर जितका चढतो, तितकं सांडव्याला बळ येतं. आपल्या ४६७ लिटरांसाठी, ३० सेंटिमीटर उंचीचं पाणी धरलं, तर पावणेदोन मीटरांची खाच पुरते. आश्चर्य वाटण्याइतकी लहान. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर तिच्या दुप्पट जागा अडवतील.

काकांनी मात्र रुंदीकडे नंतर पाहिलं. त्यांचं बोट आधी तीन आकड्यांवर गेलं. सांडव्याचा माथा ३४१.००. पाळीचा माथा ३४१.५०. पुराच्या वेळी पाणी ३४१.३०. म्हणजे पाण्याच्या वर २० सेंटिमीटर पाळ शिल्लक. मला वाटलं, ठीक आहे की. काका म्हणाले, "पाळ केवढी उंच?" तीन मीटर. "नवी माती बसते का नाही? शेकडा पाच टक्के धर." तीन मीटरचे पाच टक्के १५ सेंटिमीटर. दोन पावसाळ्यांत पाळ तेवढी खचली की पाण्यावर उरली पाच सेंटिमीटर, काडेपेटीच्या लांबीएवढी. वारा सुटला, एक लाट आली की संपलं. शिवाय गुरं पाळीवरून एकाच वाटेने उतरतात, तिथे अजून एक खाच पडते. "नकाशात दाखवला थो सांडवा नाही," काका म्हणाले. "पाळीची सगळ्यात बुटकी जागा कोनती, थो सांडवा."

बुटकी जागा मातीची असेल तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. पाणी पाळीवरून आधी पातळ पदरासारखं सांडतं. पलीकडच्या उतारावर त्याचा वेग वाढतो आणि पायथ्याशी ते एक लहानसा खळगा कोरतं. खळग्याची वरची कड ढासळते. मग ती कड मागे सरकू लागते, पाण्याच्या दिशेने, उलटी. धबधबा पाळीतून मागे मागे चालत येतो आणि ज्या क्षणी तो तळ्याच्या पाण्याला भिडतो, त्या क्षणी दार उघडतं. आपलं २२ लाख लिटरचं तळं दहा मिनिटांत रिकामं झालं तर खाली जाणारा लोंढा आत येणाऱ्या पुराच्या जवळपास आठपट असतो. म्हणून सांडवा शक्यतो पाळीच्या भरावात ठेवतच नाहीत. बाजूच्या अस्सल, न हललेल्या जमिनीत कोरतात आणि त्यावर दगडी पिचिंग करतात. बेसाल्टच्या मुलखात दगडाची कमतरता कोणी सांगू नये.

खुल्या खाचेखेरीज अनेक तळ्यांत नेहमीच्या पाण्यासाठी एक पाइपही असतो. पाइप दिसायला नीटनेटका, पण वऱ्हाडात त्याचे दोन वैरी: बेशरमाच्या फांद्या आणि गुटख्याच्या पुड्या. दोन्ही पहिल्याच पुरात तोंडाशी येऊन बसतात. पाइप आहे म्हणून खाच लहान केलेली दिसली की नकाशा परत जातो.

एका पाइपावर विसंबण्याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफेलो क्रीक या खोऱ्यात कोळसा धुऊन उरलेल्या कचऱ्याचा बांध होता. संकटकाळचा सांडवा त्याला नव्हता, पाणी जायला होता दोन फूट व्यासाचा एक पाइप. २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी बांध फुटला, १२५ माणसं गेली, चार हजारांवर बेघर झाली. तिथल्या खाणींतल्या तळ्यांचे कडक नियम आणि १९७७ चा खाणकायदा यांच्या मागे ही सकाळ आहे. आपल्याकडे इतक्या लांब जायला नको. १६ जुलै २०२२ रोजी, भर पावसात, नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राच्या खसाळा राखबंधाऱ्याची पाळ फुटली आणि राखेचा चिखल शिवारात पसरला. राखेचं तळं हेही गाळतळंच. अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन संच चालतात. कोळसा जळून उरलेली राख तिथेही ठेवायची असते. त्यामुळे हा विषय खाणीपुरताच आहे असं समजू नका.

राहिला तो '५० वर्षांचा पाऊस'. या शब्दाने भल्याभल्यांना फसवलं आहे. एकदा येऊन गेला की पन्नास वर्षं सुट्टी, असा त्याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की दर वर्षी तो यायची शक्यता दोन टक्के. खदान २० वर्षं चालणार असेल, तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता ३३ टक्के भरते. तीनात एक! शेजारच्याने तीनातल्या एका संधीवर पैसे लावले तर आपण त्याला जुगारी म्हणू.

आणि पाऊस तोच असला तरी जमीन तीच नसते. ही गोष्ट बाहेरून आलेल्या सल्लागाराला पुस्तकात सापडते, आपल्याला पायाखाली. वैशाखात काळी माती फाटते; भेगांत हात कोपरापर्यंत जातो. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात, नाल्याला थेंब येत नाही. पण ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि श्रावणात तीच जमीन फरशीसारखी होते. जूनमधला ६० मिलिमीटर आणि ऑगस्टमधला ६० मिलिमीटर हे दोन वेगळे पाऊस आहेत. हिशेब ऑगस्टचा करायचा. पाळ बांधायलाही हीच माती वापरली तर उन्हाळ्यात पाळच फाटते. म्हणून काळी माती आत गाभ्याला आणि बाहेरून मुरुमाचं कवच, अशी रीत आहे.

खारपाणपट्ट्यात गोष्ट आणखी चमत्कारिक होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. पावसाचं गोड पाणी लागलं की हे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे सुटे तरंगत राहतात. त्यामुळे तिथलं शेततळं प्लास्टिकच्या कागदाशिवायही पाणी धरतं, कारण सुटलेली चिकणमाती तळाची सगळी छिद्रं बुजवते. आणि त्याच कारणाने ते पाणी लवकर निवळत नाही. माझी दर्यापूरची बरणी याच पट्ट्यातली. ५२ हेक्टरांचं तळं बांधता येत नसेल तर कणांनाच मोठं करावं लागतं, म्हणजे त्यांचे पुंजके बनवावे लागतात. खाणीत त्यासाठी तुरटी किंवा तयार रसायनं सोडतात. घरोघरी पूर्वी माठाच्या आत निवळीचं बी उगाळत. त्या बियांचा पाणी निवळण्याचा गुण सुश्रुतसंहितेतही नोंदलेला आहे. झाडाचं नावच त्याच्या कामावरून पडलं.

सातव्या दिवशी मी काळ्या बरणीतलं अर्धं पाणी दुसऱ्या बरणीत ओतलं आणि त्यात तुरटीचा खडा पाच-सहा वेळा फिरवला. आधी काही झालं नाही. मग पाण्यात बारीक बारीक कापसाचे पुंजके दिसू लागले, एकमेकांना शोधत असल्यासारखे, आणि हळूहळू खाली निघाले. स्वयंपाक होईपर्यंत वरचं पाणी काचेसारखं झालं होतं. तुरटी न लावलेली बरणी अजून खिडकीतच आहे. काल काका आले होते, त्यांनी ती उचलून उजेडात धरली, तळाचा बोटभर थर पाहिला आणि विचारलं, "झाकण लावून ठेवलं, तं पाणी कुठून जाईन?"